पदरमोड

शास्त्रवाचन : २ करिंथ, अध्याय ८ व ९, रोम. १५:२५-३१



करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय एका बैठकीत वाचून पाहावेत. आरंभापासून अखेरपर्यंत विषय पैशाचा आहे. परंतु मूळ ग्रीक पाठात पैसा या अर्थाचा शब्द या दोन अध्यायांत एकदाही येत नाही. प्रेषित पौल ज्या रकमेविषयी बोलत आहे तिला तो कधी 'खारिस' म्हणजे कृपा म्हणतो, कधी 'दिआकोनिया' म्हणजे सेवा, कधी 'युलोगिया' म्हणजे आशीर्वाद, तर कधी 'कोइनोनिया'. या शेवटच्या शब्दास आपण मराठीत सहभागिता म्हणतो. प्रभुभोजनाच्या पेल्याविषयी बोलताना पौलाने हाच शब्द वापरला आहे (१ करिंथ १०:१६). रविवारी आपल्या बाकांमधून फिरणारी थैली आणि वेदीवरील तो पेला यांना प्रेषिताने एकच नाव दिले, यावर आपण क्वचितच थांबून विचार करतो.

भाषांतरकाराला येथे अडचण पडते. 'दान' म्हटले की देणारा उंच पायरीवर उभा आणि घेणारा खाली, असे चित्र डोळ्यांपुढे येते. 'वर्गणी' म्हटले की पावतीपुस्तक, आळीतील मंडळ आणि माणशी ठरलेला आकडा आठवतो. दोन्ही शब्द आपापल्या जागी चांगले आहेत. परंतु पौलाला जे सांगावयाचे होते ते या दोहोंत मावत नाही. ते काय होते हे कळण्यासाठी ही रक्कम कोणी, कोणासाठी जमवली होती हे पाहावे लागेल.

ती जमत होती यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी. ते यहूदी होते. आणि ती देत होत्या मासेदोनिया, अखया, गलतिया येथील मंडळ्या. त्यांतील बहुतेक लोक विदेशी, सुंता न झालेले. या दोन गटांमध्ये प्रेम ओसंडून वाहत होते असे समजू नका. विदेश्यांना मोशेचे नियमशास्त्र लावावे की नाही, त्यांच्या पंगतीस बसावे की नाही, यावरून अंत्युखियात पेत्र व पौल यांची उघड खडाजंगी झाली होती (गलती. २:११-१४). यरुशलेमातील पुष्कळांना पौलाच्या मंडळ्या अर्धवट ख्रिस्ती वाटत. उलट, ज्यांनी यरुशलेम कधी पाहिले नाही त्या फिलिप्पै व थेस्सलनीकेच्या लोकांना तेथील गरिबांचे काय पडले असेल? अशा वेळी पौलाने दोन्ही पक्षांची परिषद बोलावून सर्व मतभेद आधी मिटवले आणि मग देणगी मागितली, असे घडले नाही. मतभेद होते तसेच होते. त्यांच्यावरून त्याने ही रक्कम पलीकडे नेली. तीच ऐक्याची वाट होती.

आपण नेमके उलट धरून चाललो आहोत. आधी ऐक्य, मग औदार्य. ती मंडळी आपल्यासारखी झाली, त्यांचे धर्ममत आपल्याशी जुळले, म्हणजे आपण त्यांच्यासाठी हात सैल सोडू. पौलाने तोवर थांबावयाचे ठरविले असते तर यरुशलेमातील विधवा उपाशीच राहिल्या असत्या, आणि एकीही झाली नसती.

आता एका शब्दाकडे वळतो. मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी बोलताना पौल म्हणतो की, कमालीच्या दारिद्र्यातून त्यांच्या औदार्याची संपत्ती उफाळून आली (८:२). येथे औदार्य म्हणून जो शब्द आपण घालतो तो मुळात 'हाप्लोटेस' आहे. या शब्दाचा पहिला अर्थ औदार्य नव्हेच. त्याचा अर्थ एकेरीपणा, साधेपणा, आत-बाहेर एक असणे. दासांनी आपल्या धन्याची सेवा कोणत्या मनाने करावी हे सांगताना (इफिस. ६:५) हाच शब्द येतो, आणि तेथे आपण तो अंतःकरणाच्या सरळपणाकडे नेतो. एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन पोशाख! भाषांतर समितीत यावर दीर्घ चर्चा होतात आणि अखेर 'औदार्य' हाच शब्द राहतो, कारण वाक्य त्याशिवाय वाचत नाही. परंतु मला स्वतःला मराठीतला एक घरगुती शब्द नेहमी खुणावतो : एकपदरी. ज्या देण्याला दुसरा पदर नाही, खालच्या घडीत काही लपवलेले नाही, ते देणे. हनन्या व सप्पीरा यांनी दिलेली रक्कम लहान नव्हती (प्रे. कृत्ये ५). पण ती दुपदरी होती. सगळे दिल्याचा मान वरच्या पदरात आणि राखून ठेवलेला भाग खालच्या पदरात. शेत विकण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती, किंमत त्यांच्याच ताब्यात होती, हे पेत्र स्वतः सांगतो. कमी दिले याबद्दल त्यांना दोष नाही, खोट्या घडीबद्दल आहे.

पदर या शब्दावरून आपल्या भाषेत दुसराही एक शब्द तयार झाला आहे आणि तो या अध्यायांना फार जवळचा आहे : पदरमोड. स्वतःच्या गरजेसाठी गाठीला बांधलेले सोडून दुसऱ्यासाठी खर्चणे. उरलेल्यातून दिले तर त्याला मराठी माणूस पदरमोड म्हणत नाही. मासेदोनियाच्या लोकांनी ती केली. आणि विशेष हे की, पौलाने त्यांच्याकडे आग्रह धरला नव्हता; या कार्यात आम्हालाही वाटा द्या, अशी काकुळतीने विनवणी त्यांनीच केली (८:४). करिंथ हे श्रीमंत बंदर होते. तेथील मंडळीने वर्षभरापूर्वी उत्साहाने आरंभ करून काम अर्धवट टाकले होते (८:१०-११). मागासलेल्यांचे उदाहरण पुढारलेल्यांना द्यावे लागले.

पदरमोड म्हटले की आपल्यापैकी अनेकांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतील. येथे रायपुरात राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना त्यांच्याविषयी जरा अधिक जिव्हाळा आहे. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली, त्याने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ साली, आयुष्याची अवघी दोन वर्षे उरली असता, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वच ख्रिस्तभक्त त्या एका बंधुसमाजात यावेत ही त्यांची तळमळ होती. पगार सोडणे आणि भिंत ओलांडणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच पावलाने केल्या. मिशनच्या ताटात जेवत राहून मिशनच्या कुंपणापलीकडे जाता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते असे मला वाटते.

पण येथे थोडे थांबून प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ज्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर आलेल्या गरजूला ते हातचे देऊन मोकळे होत आणि संध्याकाळची चूल पेटवण्याची चिंता लक्ष्मीबाईंना पडे. पदरमोड टिळकांची, आणि मोडलेला पदर लक्ष्मीबाईंचा! त्या माउलीने हे हसत लिहिले म्हणून आपण हसत वाचतो. परंतु पौलाने या बाबतीत एक सावध वाक्य लिहून ठेवले आहे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला क्लेश व्हावेत असा माझा हेतू नाही, समानता व्हावी, असा त्याचा आशय आहे (८:१३). घरात विचारल्याशिवाय केलेला त्याग हा पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने केलेला त्याग असतो. जो पुरुष मंडळीच्या फलकावर आपले नाव लिहवून घेतो, त्याने ती रक्कम कोणाच्या औषधातून वा कोणाच्या फीमधून आली याचाही झाडा द्यावा.

समानतेच्या या वचनाचा मला समजलेला सर्वांत चांगला अर्थ कोणत्याही टीकाग्रंथात मिळाला नाही. कच्चे भाषांतर ग्रामीण श्रोत्यांसमोर वाचून त्यांना काय कळले हे विचारण्याची आमची पद्धत आहे. येथील एका खेड्यात आम्ही हा भाग वाचला. रानात मान्ना वेचणाऱ्या इस्राएल लोकांचा दाखला पौल तेथे देतो : ज्याने जास्त गोळा केला त्याला जास्त झाले नाही, आणि थोडा गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही (निर्गम १६:१८ पाहा). हा भाग काय सांगतो असे विचारता एक वृद्ध बाई चटकन म्हणाली, "ये तो रामकोठी आय."

रामकोठी म्हणजे छत्तीसगडातील गावांचे सामाईक धान्यकोठार. हंगामात प्रत्येक घर आपल्या खळ्यातून काही धान त्यात टाकते. पेरणीच्या वा टंचाईच्या दिवसांत ज्याला लागेल तो तेथून नेतो आणि पीक आल्यावर थोडी भर घालून परत करतो. आज नेणारा उद्या भरणारा असतो. म्हणून रामकोठीतून धान नेताना मान खाली घालावी लागत नाही. पौल करिंथकरांना नेमके हेच सांगत आहे : आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरील, उद्या त्यांची विपुलता तुमची (८:१४). कोठीच्या नावावरून कोणी बिचकू नये. जे चित्र लोकांच्या खळ्यात उभे आहे त्यातून वचन कळत असेल तर भाषांतरकाराने देवाचे आभारच मानावेत.

एक फरक मात्र आहे. रामकोठी एका गावाची असते. शेजारच्या गावासाठी तिचे दार उघडत नाही. पौलाची कोठी समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या, आपल्याविषयी साशंक असलेल्या लोकांसाठी उघडली होती.

आपली स्वतःची या प्रदेशातील कहाणी पाहिली तर आपण बराच काळ फक्त नेणारेच राहिलो. १८६८ साली ऑस्कर लोर रायपूर प्रांतात आले व सतनामी समाजात त्यांनी काम आरंभिले. विश्रामपूर वसले, तेथे मिशनच मालगुजार. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइट शेतकऱ्यांनी हिंदुस्थानासाठी धान्य व पैसा पाठवला, आणि १८९९ पासून धमतरीत त्यांचे काम सुरू झाले, तोच पुढच्या वर्षीचा अधिक भीषण दुष्काळ पुढ्यात उभा राहिला. त्याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली व विधवा यांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्या स्वतः दुष्काळात आई, वडील व बहीण गमावलेल्या. त्यांना भुकेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. या सर्वांचे ऋण आपण विसरता कामा नये. परंतु या उपकारांबरोबर आपल्याला एक सवयही लागली. मिशन देईल. छपराचे कौल फुटले, मिशन देईल. पाळकाचा पगार, मुलांची शिष्यवृत्ती, दफनभूमीचे कुंपण, सर्व मिशन देईल. मिशनरी गेले, आता 'डायसिस देईल' म्हणतो. कोठीतून नेणे चालू आहे. भरण्याची पाळी कधी येणार?

मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. हे थोडेथोडके नव्हते. बालकांचा बाप्तिस्मा करणाऱ्यांनी व न करणाऱ्यांनी एका मंडळीत दोन्ही प्रथा मान्य केल्या. बिशप मानणारे व न मानणारे एका मेजाशी बसले. प्रत्येकाने आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेले काही सोडून दिले. ते खरे देणे होते आणि मी त्याला पदरमोडच म्हणेन. परंतु नाव, घटना आणि पत्रांवरील शिक्का एक होऊनही आपल्या मनातील खाती वेगळीच राहिली असे माझे निरीक्षण आहे. ही जमीन अमक्या मिशनची, हे हॉस्टेल तमक्यांचे, हा निधी आमच्या आजोबांच्या मंडळीचा. वाद कोर्टात जातात तेव्हा दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रे एकाच शुभवर्तमानावर हात ठेवून केलेली असतात.

हा प्रश्न आज आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे, म्हणूनच मी हे लिहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर व कोंडागाव जिल्ह्यांतील अनेक गावांतून ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना हुसकावून लावण्यात आले. शेकडो माणसे, त्यांत लेकुरवाळ्या स्त्रिया, ऐन थंडीत नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये आश्रयाला होती. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधील एका पाळकाचा मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून राहिला, कारण गावात त्याला मूठभर माती मिळेना. मुलाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २७ जानेवारीस दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत त्याला ठेवण्याचा आदेश झाला.

या लोकांपैकी पुष्कळजण आपल्या जुन्या मिशन मंडळ्यांतले नाहीत. ते घराघरांतून जमणाऱ्या लहान, स्वतंत्र मंडळ्यांतले आहेत. त्यांची गीते वेगळी, प्रार्थनेची रीत वेगळी, कधीकधी आपल्याविषयीचे मतही फारसे चांगले नाही. एका पास्टरेट कमिटीच्या सभेत मी पाहुणा म्हणून बसलो होतो. विस्थापितांसाठी खास दानार्पण घ्यावे असा विषय निघाला. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, "ती माणसे कोणत्या मंडळीची?" प्रश्न दुष्टाव्याने विचारलेला नव्हता. त्यानंतर कोणीतरी गेटच्या रंगकामाचा विषय काढला. गेटसाठी ठराव झाला, दानार्पणाचा विषय पुढील सभेवर ढकलला गेला.

वाचकहो, यरुशलेमसाठी रक्कम जमत असताना फिलिप्पैकरांनी हाच प्रश्न विचारला असता, तर त्याचे उत्तर काय होते? ती माणसे आमच्या मंडळीची नाहीत. आम्हाला ती आपल्या पंगतीला बसवून घेतील की नाही हेही ठाऊक नाही.

देण्याइतकेच, किंबहुना त्याहून कठीण आहे ते घेणे. पौलाला याची धास्ती होती. माझी ही सेवा यरुशलेमातील पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून माझ्याबरोबर प्रार्थना करा, अशी कळकळीची विनंती तो रोमकरांना करतो (रोम. १५:३०-३१). भुकेल्याला दिलेले अन्न तो नाकारील अशी भीती वाटावी, इतका दुरावा होता! विदेश्यांचा पैसा स्वीकारणे म्हणजे त्यांना भाऊ म्हणून स्वीकारणे, हे यरुशलेमला कळत होते. पुढे काय झाले? लूक याविषयी जवळजवळ मौन पाळतो. बंधुजनांनी पौलाचे आनंदाने स्वागत केले एवढे तो सांगतो (प्रे. कृत्ये २१:१७), देणगीचे नाव नाही. फेलिक्ससमोरच्या जबाबात पौलाच्या तोंडी तिचा ओझरता उल्लेख येतो (२४:१७), बस्स. उलट याकोबाच्या घरी पौलाला आणखी एक खर्च सांगण्यात आला : नवस केलेल्या चार यहूदी माणसांचा खर्च कर, म्हणजे लोकांचा तुझ्याविषयीचा संशय फिटेल. त्याने तोही केला. आणि तो खर्च करीत असतानाच मंदिरात त्याला धरले.

त्याला धरण्याचे निमित्त कोण झाले, हे पाहण्यासारखे आहे. इफिसचा त्रफिम शहरात पौलाबरोबर दिसला होता, म्हणून याने विदेश्याला मंदिरात आणले अशी आवई उठली (२१:२९). हा त्रफिम कोण? मागच्याच अध्यायात पौलाच्या सोबत्यांची यादी आहे (२०:४) : बिरुयाचा एक, थेस्सलनीकेचे दोन, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियाचे तुखिक व त्रफिम. वेगवेगळ्या मंडळ्यांची ही माणसे त्या देणगीसह यरुशलेमला चालली होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा पौलाला बेड्या पडल्या त्या याच प्रवासात, आणि एका विदेशी भावाला बरोबर नेल्यामुळे. ऐक्याची किंमत त्या थैलीतल्या नाण्यांपेक्षा पुष्कळ अधिक पडली.

इतकी माणसे बरोबर कशाला? एक कारण पौलच देतो : एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेबाबत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये (८:२०-२१). मंडळ्यांनी निवडलेली माणसे, उघडा हिशेब. ज्याला तिसऱ्या स्वर्गाचे दर्शन झाले होते त्या प्रेषितालाही आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असे वाटले नाही. त्याने साक्षीदार नेले. आपल्या ज्या संस्थांचे वार्षिक हिशेब सभासदांना मागूनही मिळत नाहीत, त्यांनी सणाच्या दानार्पणासाठी निराळे आवाहन छापण्यापूर्वी ही दोन वचने फलकावर लावावीत. लोकांचे हात आखडले आहेत ते कंजुषीनेच असे नाही.

दुसरे कारण त्याने लिहिलेले नाही, पण ते उघड आहे. नुसती रक्कम पाठवली असती तर यरुशलेमला पैसे मिळाले असते. त्रफिमाचा चेहरा दिसला नसता.

म्हणून ज्यांच्या मंडळ्यांत बस्तरसाठी दानार्पण होईल त्यांना एक सुचवितो. रक्कम बँकेत भरून पावती फाइलला लावू नका. तीन-चार जण निवडा. त्यांत एक स्त्री असावी, एक तरुण असावा, आणि शक्यतो दुसऱ्या एखाद्या मंडळीचाही एक असावा. रायपूर ते जगदलपूर हा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरचा आहे : धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव. कोंडागावहून नारायणपूरला फाटा जातो. हिशेबाचा कागद बरोबर ठेवा आणि तो तेथे वाचून दाखवा. त्यांच्या रीतीने ते प्रार्थना करतील तेव्हा डोळे मिटून बसा. त्यांची परिस्थिती पाहून तुम्हाला संकोच वाटेल, आणि तुम्ही घाईने निघू पाहाल; तरी थांबा. ते तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाहीत. पानांच्या द्रोणात मडिया पेज येईल, नाचणीची, पातळ, किंचित आंबूस. ती नको म्हणू नका.